भंगारातील सायकल आणि आमची पदवी

१९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, २० मार्चला, महाडला सायकलने जायचे ठरले. नव्या टूरिंग सायकलीची किंमत ऐकून आम्ही भंगाराच्या दुकानात शिरलो. जुन्या २८ इंची सायकलीची फ्रेम, भलत्याच सायकलीचा चिमटा, दोन रिमा, कॅरिअर जमवले. कायद्याची पदवी इथे कुचकामी! गंजलेली कॉटर पिन निघेना. चाकाचा आऊट काढताना तारा भलत्याच आवळल्या. शेवटी वस्तीतल्या, शाळा सुटलेल्या पोराने तासाभरात दोन्ही कामे उरकली, वर ग्रीसमध्ये छर्रे बसवायला आम्हाला शिकवले. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी लाहोरच्या न झालेल्या भाषणात १९३६ साली मांडले. आणि आमच्या चळवळीत? मंचावर वकील-प्राध्यापक, सतरंज्या उचलायला हा कारागीर. महाडच्या सभेत आमच्याऐवजी तो बोलेल, असे संयोजकांना कळवले आहे. उत्तर अजून नाही.