वाटेचा कागद

माझ्या लहानपणी आम्ही पुण्यात ज्या वाड्यात भाड्याने राहत होतो, त्याच्या परसात एक दिंडी होती. ती शेजाऱ्यांच्या अंगणात उघडे आणि तिथून चार पावलांवर विठोबाचे देऊळ. आजी रोज पहाटे त्या वाटेने जाई. एका वर्षी दसऱ्याला वाडा विकला गेला आणि आठवड्याभरात शेजारच्या अण्णांनी दिंडीला कुलूप घातले. आजी भांडायला गेली, तर म्हणाले, "काकू, वाट मी तुमच्या जुन्या मालकांना दिली होती. वाड्याला नव्हे!"

हाँगकाँगची हकीगत वाचताना मला ते कुलूप आठवले. १ जुलै १९९७ रोजी ब्रिटनने हाँगकाँग चीनला परत केले. भर पावसात निशाण उतरले, ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पण त्या शहराच्या आकाशातल्या वाटांचे काय झाले, हे कोण विचारतो?

आकाश मोकळे असते, ही आम्हा कवितेच्या मास्तरांची समजूत! १९४४ च्या शिकागो कराराने ज्याची भूमी त्याचे आकाश, असे ठरवून टाकले. तेव्हा दोन देशांत नियमित विमान सुरू करायचे तर आधी करार हवा. हाँगकाँगच्या वाटा ब्रिटनने केलेल्या करारांत होत्या. मालक बदलला की दिंडीला कुलूप! चीनच्या करारांत त्या घालाव्यात, तर हाँगकाँगची सोय-गैरसोय बीजिंगच्या सौद्यात कुठल्या कुठे बुडून गेली असती. आणि विमानांवर तर त्या शहराचे पोट.

म्हणून १९८४ च्या ब्रिटन-चीन जाहीरनाम्यातच तरतूद झाली की, हाँगकाँगने अधिकारपत्र घेऊन एकेका देशाशी स्वतःच्या नावाने करार करावा. पहिला झाला १९८६ मध्ये, नेदरलँड्सशी. चीनच्या मुख्य भूमीवर थांबणाऱ्या वाटा मात्र बीजिंगने आपल्याच हाती ठेवल्या. मालक झाला तरी सगळ्या किल्ल्या थोडाच देतो!

खरी मेख पुढेच होती. अशा करारांत विमान कंपनी करार करणाऱ्या देशाच्या नागरिकांच्या मालकीची असावी, असे कलम रुळलेले होते. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकमध्ये मोठा वाटा स्वायर या ब्रिटिश घराण्याचा. मग १९९७ नंतर ती कोणाची म्हणायची? तोडगा असा काढला की, मालक कोण ते विचारूच नये. कंपनीच्या धंद्याचे मुख्य ठिकाण हाँगकाँगात आहे ना, एवढे पाहावे. सातबारा कोणाच्या नावावर, यापेक्षा चूल कुठे पेटते ते महत्त्वाचे! मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. पण तो प्रत्येक देशाच्या गळी उतरवायचा म्हणजे वर्षे जाणारच. अमेरिकेशी सही व्हायला १९९७ चा एप्रिल उजाडला. हस्तांतराला पुरते तीन महिनेही उरले नव्हते.

त्या सुमारास तिथल्या विमानांच्या अंगावरची 'व्हीआर-एच' ही जुनी अक्षरे खरवडून 'बी-एच' अशी चिनी खुणेची अक्षरे रंगवली गेली. विमाने मात्र त्याच काई टाक विमानतळावरून, त्याच गावांना उडत राहिली.

आमची दिंडीही उघडली. नव्या मालकांनी अण्णांकडून आपल्या नावाने कागद करून घेतला. पण तोवर कार्तिकी पौर्णिमा उलटली होती आणि आजीची त्या वर्षीची काकडआरती चुकली ती चुकलीच.