फुकटची बाटली, विकतची साक्ष

हसनाबाद आणि पंचक्रोशीतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

खरीप तोंडावर आला की मोबाईलवर प्लॉट दिसायला लागतात. छातीएवढी कपाशी, तिच्यात उभा चॅनेलवाला, शेजारी शेतमालक. "भाऊ, काय फवारलं होतं?" मालक टॉनिकची बाटली पुढे करतो, खाली फोन नंबर येतो. दुसऱ्या दिवशी तीच बाटली आपल्या घरात उधारीवर येते.

मालकाच्या हातातली ती बाटली कंपनीने फुकट दिली होती, एवढं मात्र त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. ज्याने पैसे मोजले नाहीत, त्याने ती वस्तू परवडते असं सांगू नये. हे सगळे चॅनेलवाले खोटारडे आहेत असा आमचा आरोप नाही. त्यातले बरेच आपल्याच घरातले, शेतातून उठून गेलेले. पण वाईट बोलणाऱ्याला पुढच्या हंगामात बाटली कोण पाठवणार? हे त्यालाही कळतं. मग जिथे झाड जोमात आहे ते तास तो दाखवतो, नांग्या पडलेले तास राहून जातात. ऑगस्टात पाते-फुलं दाखवतो, पण दिवाळीला वेचणी होऊन काट्यावर किती भरलं हे दाखवायला परत येत नाही. शेजारी बिनफवारणीच्या चार ओळी ठेवलेल्या नसतात, त्यामुळे पावसाचं, जमिनीचं, शेणखताचं सगळं श्रेय बाटलीला जातं.

आणि हे जालना जिल्ह्यात चालतं! १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली, बियाण्याच्या धंद्याने या जिल्ह्याचं नाव देशभर नेलं. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा तुरीचा बीडीएन ७११ आपल्या शिवारात आला तो हंगामामागून हंगाम, ठिकठिकाणी, जुन्या वाणांच्या शेजारी पेरून आणि तोलून बघितल्यावर. त्या कामाच्या जागी आपण आता दीड मिनिटाची रील बसवणार का?

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात ठरवलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांसाठी नियम सांगितले: पैसे, सवलत, सहल, भेट, अगदी न मागता आलेली फुकट वस्तूसुद्धा उघड सांगायची, व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, दिसेल आणि ऐकू येईल अशा रीतीने. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. टॉनिकच्या नावाखाली विकली जाणारी जैव उत्तेजकंही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. व्हिडिओत "शंभर टक्के रिझल्ट" म्हटलं, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचायचं सोडू नका.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात अनेक ठिकाणी सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी बियाण्याची बॅग, टॅग आणि पक्की पावती जपून ठेवणाऱ्याच्या तक्रारीला बळ होतं. रीलवरच्या नंबरवरून बिनपावतीचा माल घेतलात, तर पंचनाम्याला आलेल्या माणसाला काय दाखवणार?

चॅनेल चालवणाऱ्या आपल्या पोरांना आमचं मागणं आहे: पहिल्याच वाक्यात मराठीतून सांगा, माल फुकट मिळाला की विकत घेतला. बिनफवारणीच्या ओळी शेजारी ठेवा आणि वेचणीनंतर वजनकाट्यासह दुसरा व्हिडिओ टाका. कंपन्यांनी आणि दुकानदारांनी ही अट घालूनच माल द्यावा.

आणि आपण काय करायचं? कंपनीच्या पीक पाहणीला जरूर जा, पण मालकाला बाजूला घेऊन विचारा, "बॅग विकत घेतली होती का?" नवं औषध आधी दोन-चार ओळींवरच वापरा. शंका आली तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. फसवी जाहिरात दिसली तर व्हिडिओ जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा.

— हसनाबाद परिसरातील शेतकरी