‘हेल्मेट दिलं होतं हो, डॉक्टर!’



पावसाळा तोंडावर आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. रस्त्याकडेला बदलापूरची जांभळं आणि सोसायट्यांच्या आवारात झाडावर चढलेली माणसं. गुलमोहर तारांना टेकलेला असतो, नारळाच्या झावळ्या गाड्यांवर पडत असतात, फांद्या छाटायच्या असतात. कोणीतरी कोणाला तरी फोन करतं आणि दोघे-तिघे दोरी, कोयता आणि चेनसॉ घेऊन येतात.

अशाच एका जूनमध्ये माझ्या दवाखान्यात पस्तिशी ओलांडलेल्या एका माणसाला आणलं. झाडाखाली उभा राहून तो वरच्या साथीदाराची दोरी धरत होता. मनगटाएवढी फांदी उजव्या कानशिलावर बसली. क्षणभर शुद्ध हरपली, मग उठून बसला, पाणी प्यायला, “काही नाही झालं” म्हणाला. तासाभराने ओकाऱ्या सुरू झाल्या आणि डोळे मिटू लागले. मी त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण पुन्हा झाडावर चढण्याइतका तोल त्याला आला नाही.

त्याच्यासोबत आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हातात पिवळं हेल्मेट होतं. ते पुढे करून म्हणाले, “हेल्मेट दिलं होतं हो, डॉक्टर! आमची काही चूक नाही.”

मी ते हातात घेऊन पाहिलं. त्यावर एक ओरखडाही नव्हता. हनुवटीचा पट्टा नव्हताच. त्याने मान वर करून फांदीकडे पाहिलं, हेल्मेट मागे घसरून पडलं आणि फांदी उघड्या डोक्यावर आली.

आज मला याच वाक्याशी भांडायचं आहे. ‘हेल्मेट दिलं होतं’ म्हणजे आपली जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही.

डोक्यात नेमकं काय होतं?

कानाच्या वर आणि पुढे, ज्याला आपण कानशील म्हणतो, तिथलं कवटीचं हाड पातळ असतं. त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी एक धमनी जाते. हाड तडकलं की ही धमनी फाटू शकते आणि कवटी व आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. सुरुवातीला मेंदूवर दाब कमी असतो, म्हणून माणूस बोलतो, हसतो, चहासुद्धा घेतो. दाब वाढत गेला की काही तासांत तो कोसळतो. ‘मघाशी तर चांगला बोलत होता’ हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे.

आता वेगाचा हिशेब करू. ५ मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू खाली पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. चढणारा माणूस तेवढ्याच उंचीवरून पडला तर त्याचाही वेग तोच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मुळे स्कूटरवर बसताना हेल्मेट लागतं, हे आपण सगळे जाणतो. मुलगा विनाहेल्मेट स्टेशनवर निघाला तर आपण ओरडतो. तोच वेग झाडाखाली उभ्या माणसाच्या डोक्यावर येतो तेव्हा मात्र आपण खिडकीतून मोबाइलवर व्हिडिओ काढत असतो.

पिवळं हेल्मेट पुरेसं का नाही?

बांधकामावर वापरतात ते हेल्मेट मुळात वरून सरळ माथ्यावर पडणाऱ्या वस्तूसाठी आहे. आपल्याकडे त्याचं मानक आयएस २९२५. युरोपातल्या ईएन ३९७ या मानकाच्या मूळ चाचणीत ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर टाकतात आणि आत किती जोर पोहोचतो ते मोजतात. झाडावर काम करणाऱ्याला मार कुठूनही बसतो. झुललेली फांदी बाजूने लागते, पडताना डोकं खोडावर मागून आपटतं. गिर्यारोहणाच्या हेल्मेटसाठी असलेल्या ईएन १२४९२ मानकात माथ्यासोबत पुढून, मागून आणि बाजूनेही आघात करून पाहतात. कानशिलाचं हाड पातळ आहे हे आठवा, म्हणजे या फरकाचं मोल कळेल.

दुसरा फरक पट्ट्याचा. ईएन ३९७ चा हनुवटीचा पट्टा साधारण १५ ते २५ किलोच्या ओढीला सुटावा अशी अपेक्षा असते, कारण हेल्मेट कुठे अडकलं तर गळ्याला फास बसू नये. जमिनीवरच्या माणसाला ते योग्य आहे. पण जो उंचावरून पडणार, त्याचं हेल्मेट पडता पडता निघून जाऊन कसं चालेल? म्हणून ईएन १२४९२ मध्ये पट्टा सुमारे ५० किलोच्या ओढीला टिकावा लागतो. काही हेल्मेटमध्ये दोन्ही प्रकारे लावता येणारा पट्टाही मिळतो.

आणि ज्या हेल्मेटला पट्टाच नाही? ते फोटोपुरतं आहे.

“मग स्कूटरचं घालू दे ना!” असंही सुचवलं जातं. गमछ्यापेक्षा ते बरं, एवढंच म्हणेन. ते जड असतं, मान वर करताना अडतं, बाजूचं दिसत नाही आणि मे महिन्याच्या उकाड्यात अर्ध्या तासात माणूस ते काढून फांदीला अडकवतो. त्याचं मानकही वेगळं आहे, आयएस ४१५१. नुसतं आयएसआय चिन्ह पाहून समाधान मानू नका. चिन्हाच्या वर कोणता आयएस क्रमांक आहे आणि खाली सीएम/एल क्रमांक आहे का, ते वाचा. हा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो.

चेनसॉ आली की डोळे आणि कानही आले

चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलचा आवाज उघड्या कानांनी दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये. आपले लोक सकाळपासून दुपारपर्यंत तो ऐकतात. वर्षानुवर्षं हे काम केलेले पेशंट माझ्याकडे येतात ते रक्तदाबासाठी. बोलता बोलता कळतं की रात्री कानात शिट्टी वाजते आणि नातवाचं बोलणं समजत नाही. गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही.

म्हणून चेनसॉवाल्याच्या हेल्मेटला कानाचे मफ आणि तोंडापुढे जाळी हवी. जाळी लाकडाचे कपचे अडवते, बारीक भुसा अडवत नाही, त्यामुळे तिच्या आत गॉगलही लावावा. कान झाकल्यावर हाक ऐकू येणार नाही, म्हणून हाताच्या खुणा काम सुरू करण्याआधीच ठरवून घ्याव्यात.

“अहो, ते घालतच नाहीत”

हा आक्षेप मला दर वेळी ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. पण ते का घालत नाहीत, हे आपण विचारतो का? मी विचारलं. उत्तरं साधी होती. “साहेब, गरम होतं.” “वाकलं की डोळ्यांवर येतं.” “मापाचं नाही.” या तक्रारी आळशी माणसाच्या नाहीत, चुकीच्या वस्तूच्या आहेत. हवा खेळती राहील असं, मागे चाकी फिरवून घट्ट करता येणारं, चार ठिकाणी पट्टा जोडलेलं हेल्मेट दिलं तर तोच माणूस ते दिवसभर घालतो. एक लक्षात ठेवा, हवेसाठी छिद्रं असलेलं हेल्मेट विजेपासून वाचवत नाही. तारांजवळ काम असेल तर आधी वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या.

दुसरा आक्षेप खर्चाचा. चांगलं हेल्मेट महाग आहे, रोजंदारीवरच्या माणसाला ते परवडत नाही, हे खरं. म्हणूनच ते त्याने आणावं ही अपेक्षा चुकीची आहे. सोसायटीने दोन हेल्मेट घेऊन ठेवली तर तीस घरांत विभागून प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? पाण्याची मोटर दुरुस्त करताना आपण याहून जास्त वर्गणी बिनबोभाट काढतो.

झाडांसाठी आपल्याकडे १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. झाडाचा जीव आपण कागदावर तरी मानला. त्या झाडावर चढणाऱ्याच्या जीवासाठी सोसायटीच्या सभेत एक ठराव करायला काय हरकत आहे?

दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. टाके घालतो, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो आणि ‘डोक्यावर काय होतं?’ हा प्रश्न विचारत नाही. मी आता विचारतो आणि केसपेपरवर लिहितो.

काम देण्यापूर्वी एवढं पाहा

१. हनुवटीचा पट्टा लावून मान वर, खाली, बाजूला हलवायला सांगा. हेल्मेट जागचं हललं तर ते मापाचं नाही. आत जाड गमछा गुंडाळू नये.

२. चढणाऱ्याला बाजूच्या आघातासाठी तपासलेलं, न सुटणाऱ्या पट्ट्याचं हेल्मेट द्या. खाली दोरी धरणाऱ्यालाही हेल्मेट हवंच.

३. आत छापलेली निर्मितीची तारीख पाहा. उन्हात पडून फिकट झालेलं, तडा गेलेलं किंवा एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या. त्यावर रंग लावू नका, भोक पाडू नका.

४. हेल्मेट म्हणजे फांदीखाली उभं राहण्याचा परवाना नव्हे. ५ किलोची फांदी ६ मीटरवरून आली तर ती वर सांगितलेल्या चाचणीच्या सहापट जोराने येते. खालची जागा दोरी लावून बंद करा. चढणाऱ्याला कमरेच्या दोरीऐवजी पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. जांभळीचं लाकूड ठिसूळ असतं, तिच्या फांदीवर भरवसा ठेवू नका.

५. तरीही डोक्याला मार लागलाच तर हात-पाय धरून उचलू नका, मान स्थिर ठेवा, पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा. बेशुद्धी, ओकारी, झटका, गुंगी, असंबद्ध बोलणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यातलं एकही लक्षण दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. माणूस बरा वाटला तरी त्याला २४ तास एकटं सोडू नका.

ते पिवळं हेल्मेट सेक्रेटरी माझ्या टेबलावर विसरून गेले. परत न्यायला कोणी आलं नाही. ते अजून माझ्या कपाटावर आहे. छाटणीचं काम काढलेलं कोणी दवाखान्यात आलं की मी ते त्यांच्या डोक्यावर ठेवतो आणि छताकडे पाहायला सांगतो. हेल्मेट खाली पडतं. मग मला फारसं बोलावं लागत नाही.