‘फ्रेंड’चे आप्त

इंग्रजी ‘फ्रेंड’ला मराठी प्रतिशब्द ‘मित्र’ हे समीकरण इतके सरावाचे झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज क्वचितच कुणाला भासते. शालेय शब्दार्थांपुरते ते चालूनही जाते. परंतु अठराव्या शतकातील इंग्रजी कादंबरीचे वाचन त्यावर उभे राहते आणि त्या वाचनावर पुन्हा देरिदाप्रणीत मैत्रीमीमांसेचा मजला चढवला जातो, तेव्हा हा निव्वळ भाषांतराचा प्रश्न उरत नाही.

रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ (१७४७-४८) पाहावी. नायिका आपल्या पत्रांतून ‘माय फ्रेंड्स’ म्हणून ज्यांचा वारंवार उल्लेख करते ते तिचे आईवडील, भाऊ, बहीण आणि काका. आजोबांनी नातीच्या नावे ठेवलेल्या मिळकतीमुळे डिवचला गेलेला भाऊ. तिला न आवडणारा सॉल्म्स तिच्या गळ्यात बांधू पाहणारे वडील. तिला खोलीत डांबणारे घर. हे तिचे ‘फ्रेंड्स’. आणि जिला ती मन मोकळे करून लिहिते ती अ‍ॅना हाऊ, तीही ‘फ्रेंड’च. ‘मित्र’ या शब्दाच्या आधाराने वाचणाऱ्याला पहिल्या प्रयोगात उपरोध दिसतो, आणि मग ‘उपरोधाचे तंत्र’ या मथळ्याखाली त्याचे विवेचनही होते. उपरोध तेथे अधूनमधून आहेही. पण तो शब्दाच्या रूढ अर्थाच्या आधारावरच उभा आहे. ज्यांच्या संमतीवाचून मुलीचा विवाह होत नाही, ज्यांच्या आश्रयावाचून तिला पत राहत नाही, ते ‘फ्रेंड्स’. लव्हलेसबरोबर घर सुटताच ती ‘फ्रेंडलेस’ होते, याचा अर्थ तिला एकाकी वाटते एवढाच नाही. समाजात तिच्या वतीने उभा राहणारा कुणी उरत नाही. नेओमी टॅडमोर यांनी २००१ साली त्या शतकातील कुटुंब आणि ‘फ्रेंड’ या शब्दांच्या वापराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून ही व्याप्ती पुरेशी स्पष्ट झाली आहे. नातलग, आश्रयदाते, व्यवहारातले हितसंबंधी हे सारे त्या शब्दात मावत होते.

हा अर्थ अठराव्या शतकाने निर्माण केलेला नव्हे. प्राचीन इंग्रजीत ‘फ्रेओंड’ म्हणजे प्रेम करणारा आणि ‘फेओंड’ म्हणजे द्वेष करणारा. आजचा ‘फीन्ड’ तो हाच. स्कँडिनेव्हियन भाषांत तर याच शब्दाची भावंडे आजही मुख्यतः आप्त या अर्थाने नांदतात. इंग्रजी साहित्यसमीक्षेने जे विसरले ते कायद्याने मात्र जपून ठेवले. भारताच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अज्ञान व्यक्तीच्या वतीने दावा लावणारा ‘नेक्स्ट फ्रेंड’ असतो आणि तो बहुधा बाप किंवा आई असते. संहितेच्या हिंदी पाठाने त्याला ‘वाद-मित्र’ केले. बापाला मुलाचा मित्र ठरवणाऱ्या या अनुवादाला हसण्यापूर्वी समीक्षकांनी स्वतःच्या अनुवादांकडे पाहावे हे बरे. हा प्रयोग इंग्लंडच्या न्यायालयांतील जुन्या फ्रेंचमधून, ‘प्रोशें आमी’वरून आला आहे, म्हणजे फ्रेंच ‘आमी’लाही हे नाते परके नव्हते.

देरिदाच्या ‘मैत्रीचे राजकारण’ (१९९४) या ग्रंथाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो, माँतेन यांपासून कार्ल श्मिटपर्यंत मित्राच्या कल्पनेत ‘भाऊ’ कसा दडलेला आहे, आणि त्यामुळे स्त्री कशी बाहेर राहते, हे त्याने दाखवले. हा शोध मोलाचा आहे. परंतु तेथे भाऊ ही प्रतिमा आहे. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून उकरून काढावी लागणारी. क्लॅरिसाच्या पत्रांत भाऊ हा ‘फ्रेंड’ शब्दाचा सरळ, वाच्य अर्थ आहे. तेथे उकरण्यासारखे काही नाही, आणि त्या शब्दाचा वापर करणारी स्त्रीच आहे. तत्त्वज्ञांच्या परंपरेतून तयार झालेली विरचना कादंबरीवर जशीच्या तशी लावणारा अभ्यासक उघड्या दाराची कडी शोधत बसतो.

इंग्रजीत जिवलगाचा अर्थ पूर्वीही होता, हा आक्षेप रास्त आहे. त्याने येथील मुद्दा खोडला जात नाही, बळकटच होतो. निवडलेले आणि न निवडलेले नाते एकाच शब्दात नांदत होते, म्हणूनच क्लॅरिसाला ‘फ्रेंड्स’शी प्रतारणा केल्याशिवाय ‘फ्रेंड’शी प्रामाणिक राहता येत नाही. तो शब्द २००४ नंतर संगणकाच्या पडद्यावरील उपयुक्त ओळखींच्या यादीने भ्रष्ट केला, अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांनाही हे सांगावे लागते. त्याचे क्रियापदसुद्धा नवे नाही. शेक्सपिअरच्या ‘मेजर फॉर मेजर’मध्ये ते आहे.

मराठीत ‘आप्तेष्ट’ हा शब्द लग्नपत्रिकांनी झिजवला असला तरी हार्लो कुटुंबाला तोच लागू पडतो. न्यायशास्त्रातला ‘आप्त’ म्हणजे विश्वसनीय वक्ता. मराठीत तो नातलग झाला. ज्यांच्यावर विश्वास ठेवावा तेच आपले, ही अपेक्षा त्या शब्दात शिल्लक आहे, आणि क्लॅरिसाच्या तक्रारीला नेमकी तीच हवी. अडचण अ‍ॅना हाऊची. तिला ‘आप्त’ म्हणता येत नाही, ‘मैत्रीण’ म्हणताच शब्द दुभंगतो, आणि नायिका ज्या पेचात सापडली आहे तो मराठी वाचकाच्या कानावर पडतच नाही.