कोपर दाबा, पण बीपीची गोळी सोडू नका

"कोपराजवळचा हा बिंदू रोज दाबा, बीपीची गोळी कायमची सुटेल." असा सल्ला हल्ली मोबाईलवरून घरोघरी पोचतो. पैसे लागत नाहीत, म्हणून तो पटकन पटतो. आमचं म्हणणं सरळ आहे. बिंदू दाबायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडणं जिवावर बेतू शकतं.

चिनी वैद्यकात या बिंदूचं नाव छूछी, म्हणजे वाकणावरचं तळं. हात कोपरात पूर्ण वाकवला की घडी पडते. ती बाहेरच्या बाजूला जिथे संपते, तिथे बोटाला लहानशी खळगी लागते. तोच हा बिंदू. अंगात शक्ती वाहणाऱ्या वाहिन्या असतात, असं चिनी वैद्य मानत आले. तर्जनीपासून नाकापर्यंत जाणाऱ्या मोठ्या आतड्याच्या वाहिनीवर 20 बिंदू सांगितले आहेत, त्यातला हा 11 वा. तो अंगातली 'उष्णता' काढतो, या समजुतीने तो ताप आणि खाजेसाठी वापरला गेला. आता तो बीपीसाठीही वापरतात.

समजूत जुनी आहे म्हणून खरी ठरत नाही, परकी आहे म्हणून खोटीही ठरत नाही. ती तपासावी लागते. कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये उच्च रक्तदाबावरच्या ॲक्युपंक्चरच्या 22 चाचण्या एकत्र तपासल्या. रक्तदाब कमी होऊन तसा टिकतो, याचा पुरावा मिळाला नाही. जिथे सुयांनी हे साधलं नाही, तिथे नुसत्या बोटावर भिस्त कशी ठेवायची?

बीपी बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून "मला बरं वाटतंय" हा पुरावा नव्हे. गोळी बंद झाली की तो गुपचूप चढतो आणि लकवा, हृदय, किडनी यांवर घाव घालतो. घरातली कमावती बाई अंथरुणाला खिळली, तर मुलांच्या शाळेपासून घरभाड्यापर्यंत सगळंच कोलमडतं.

धुणी पिळून, ओझी उचलून कोपराची बाहेरची बाजू ठणकत असेल, तर तिथे हलक्या हाताने मिनिटभर दाबून पाहा. काही वेळ बरं वाटलं तर चांगलंच आहे. मात्र हाताला विश्रांती हवीच, आणि सूज किंवा मुंग्या असतील तर डॉक्टरांना दाखवा. सुया टोचून घ्यायच्या असतील, तर नोंदणी असलेल्याकडेच जा आणि पाकीट समोर फोडायला सांगा. वापरलेल्या सुईतून कावीळ पसरते.

सरकारी दवाखान्यात बीपी मोफत मोजतात, गोळ्याही मिळतात. आकडा पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर उपचार टाळू नका. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, मोबाईलला विचारून नाही.