डोंगर हद्दीवरचा, म्हणून कुणाचाच नाही

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंठ्यात उभं राहून डोंगर दिसत नाही. काळी रानं, मधेमधे मुरमाड माळ, त्यात सोयाबीन आणि कापूस. तरी माझं म्हणणं असं, की आम्ही डोंगराचेच आश्रित आहोत. तालुक्याच्या उत्तर अंगानं येलदरी धरणाकडं जाणारी पूर्णा नदी निघते ती कन्नडकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात. तिथं पाणी मुरलं तर इथं नदी, नाहीतर नुसती वाळू. आणि ती वाळूही कुणी ठेवली तर!

अजिंठ्याचा हा डोंगर म्हणजे सह्याद्रीचाच पूर्वेला गेलेला फाटा. पण सह्याद्री म्हटलं की कास आणि कोयनाच आठवतात. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात आमचा फाटा नाही. अजिंठ्याच्या लेण्यांना तो 1983 मध्येच मिळाला होता. लेणी जगाची झाली, ज्या डोंगरात ती कोरली तो कुणाचाच झाला नाही.

कारण तो कायम हद्दीवर राहिला. वरच्या अंगाला निजाम, खाली खानदेशात इंग्रज. 1956 मध्ये राज्य एक झालं, डोंगर मात्र आजही नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती अशा तीन महसूल विभागांत वाटलेला आहे.

माणसांनी ही हद्द कधी मानली नाही. आमच्याच जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथं सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची जवळची बहीण थेट इटलीतल्या पॉम्पेईत निघाली. पुढं बंजारा तांड्यांचे बैल मीठ आणि धान्य घेऊन हे घाट चढले-उतरले. आज त्याच तांड्यांवरची जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. बिऱ्हाडासोबत पोरांची शाळाही जाते.

उपाय लांब नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावानं 1996 पासून माथा ते पायथा पाणलोटाचं काम केलं, आणि 2012 च्या दुष्काळातही द्राक्षबागा राखल्या. मग एका गावाला जमलं ते आख्ख्या डोंगराला का नको? तिन्ही विभागीय आयुक्तांनी एकत्र बसून अजिंठ्याच्या डोंगराचा एकच पाणलोट आराखडा करावा. काम माथ्यावरून सुरू करावं, आणि त्याची मजुरी मुकादमाची उचल येण्याआधी तांड्यावर पोचवावी.