निदान पाणी तरी वाचावे

'निदान' हा शब्द मराठीत दोन कामे करतो. वैद्यकात तो रोगाच्या मुळाचा शोध सुचवितो. रोजच्या बोलण्यात 'किमान' ह्या अर्थाने येतो. शब्दांच्या अर्थच्छटा शिकविताना हे उदाहरण आम्ही दोघे वर्षानुवर्षे वर्गात देत आलो आहोत. परंतु हे दोन अर्थ एकमेकांना कोठे भेटतात, हे आम्हांस कोणत्याही कोशातून कळले नाही. ते कळले ऊर्जानगरातील आमच्या घरी, खाऱ्या पाण्याच्या एका फिश टँकपुढे, आणि तेही तीन मासे गमावल्यानंतर. साहित्यचर्चेच्या पानावर मासे कशाला, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे एवढेच, की आजारी माशाचे निदान ही मुळात वाचनाची कृती आहे, आणि हे वाचन न करता औषध ओतणारा मनुष्य माशाचा शत्रू ठरतो. हा आरोप आम्ही प्रथम स्वतःवरच करीत आहोत.

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या आधाराने वाढलेली वस्ती. २९२० मेगावॅट क्षमतेच्या ह्या केंद्राला इरई धरणाचे पाणी लागते. एकीकडे कोळसा, दुसरीकडे ताडोब्याचे जंगल. समुद्राशी आमचा संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरता. नकाशा उघडला तर अरबी समुद्रापेक्षा आंध्रचा किनाराच आम्हांस जवळ, आणि तोही सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास. अशा ठिकाणी आमच्या शेजारच्या अभियंत्यांनी हौसेने दोनशे लिटरांचा समुद्र बैठकीच्या खोलीत उभा केला होता. त्यांची बदली झाली. भरलेली टाकी घेऊन ट्रकमध्ये बसता येत नाही. म्हणून दोन नारिंगी क्लाउनफिश, तीन निळे डॅमसेल, एक कोळंबी आणि सूचनांची एक वही असा तो संसार आमच्याकडे आला. वही आम्ही कपाटात ठेवली. मासे मात्र रोज पाहत राहिलो.

मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन काय असते, हे येथे सांगण्याचे कारण नाही. एका दुपारी मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवीत असल्याचे दिसले. अंगावर डाग नाही, जखम नाही. आम्ही ठरविले, की रोग आहे. दूरध्वनीवर एका दुकानदारास लक्षणे सांगितली. त्याने निळ्या औषधाचे नाव सांगितले. ते मेथिलीन ब्लू आम्ही थेट टाकीत ओतले. पाणी शाईसारखे झाले आणि काहीतरी केल्याचे समाधान आम्हांस मिळाले. पाचव्या दिवसापर्यंत दोन डॅमसेल, एक क्लाउनफिश आणि कोळंबी गेली.

नंतर वही उघडली तेव्हा उलगडा झाला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास असते. उन्हाळ्यात टाकीतील पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ही घट गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावयाची असते. आम्ही महिनाभर खारे पाणीच घालीत होतो, मापक १.०३१ दाखवीत होता आणि तापमान ३२ अंशांवर गेले होते. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. उष्णता आणि खारटपणा वाढेल तसा तो आणखी घटतो. मासे रोगी नव्हते, गुदमरले होते. पाण्यावर पंख्याचा वारा सोडणे, पृष्ठभाग हालता ठेवणे आणि गोडे पाणी थोडे थोडे घालून काही दिवसांत खारटपणा खाली आणणे, एवढेच करावयाचे होते.

आमच्या औषधाने काय केले, तेही समजून घेण्याजोगे आहे. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया निघतो. वाळूवर आणि दगडांवर वाढलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू म्हणजे टाकीचा न दिसणारा प्राण. मेथिलीन ब्लू त्यांना मारक ठरते. त्यातच समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२च्या आसपास असतो, आणि ह्या सामूला अमोनियाचा विषारी अंश ७ सामूच्या पाण्यातल्यापेक्षा दहापटीच्या आसपास जातो. म्हणजे गुदमरणाऱ्या जीवास आम्ही वर विषही पाजले.

त्याच सुमारास रविवारी दारावर मरळ आणि रोहू विकावयास येणाऱ्या मावशींनी टाकीकडे पाहिले. पूर्व विदर्भातील तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील ही बाई. त्या म्हणाल्या, "मासा काय पाहून रायले जी सर? पानी पाहा. पानी बिघडल्याबिगर मासा असा तोंड वर नाही काढत." आमच्या दोघांच्या पदव्यांना जे सुचले नव्हते, ते त्यांनी टोपली डोक्यावर ठेवता ठेवता सांगितले.

पाणी वाचणे म्हणजे काय, हे आता आम्ही ठामपणे सांगू शकतो. मासा मलूल दिसला, की औषधाच्या बाटलीआधी पाच गोष्टी मोजाव्यात : तापमान, खारटपणा, सामू, अमोनिया आणि नायट्राइट. ह्या कामास अर्धा तास पुरतो. अमोनिया किंवा नायट्राइट दिसले तर खाद्य थांबवावे आणि त्याच खारटपणाचे व तापमानाचे ताजे पाणी घालून टाकीतले काही पाणी बदलावे. ते पाणी समुद्री क्षारांचे तयार मिश्रण कालवूनच करावे. स्वयंपाकघरातील मीठ जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. त्यात समुद्रातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम नसते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालविले पाहिजे, हे निराळे सांगावयास नको. आमच्या अनुभवाने बहुतेक 'आजार' येथेच ओसरतात.

पाणी निर्दोष निघाले तरच माशाच्या अंगाकडे वळावे. दुसरी परीक्षा आम्हांस दिवाळीनंतर द्यावी लागली. आम्ही नवा डॅमसेल आणला आणि कौतुकाने थेट टाकीत सोडला. ह्या वेळी मदतीस आले ते आयुर्वेदातील निदानपंचक. माधवनिदानात रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. कारण होता नवा मासा. पूर्वरूप असे, की मासे दगडावर अंग घासू लागले आणि अन्नाला तोंड लावीनात. रूप म्हणजे अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे मोजता येतील असे पांढरे ठिपके. हे ठिपके क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या परजीवीचे. ठिपक्यांऐवजी पिठासारखी बारीक भुकटी दिसली आणि श्वास फार जलद असेल तर तो 'वेल्व्हेट', आणि तो दोन-चार दिवसांत टाकी रिकामी करू शकतो. क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत साल निघू लागली तर ब्रुकलिनेला. परांवर फुलकोबीसारख्या गाठी आल्या तर लिम्फोसिस्टिस. तो विषाणूचा, त्याला औषध नाही, आणि पाणी व आहार चांगला असल्यास तो बहुधा आपोआप जातो. चारही रोगांना लोक सरसकट 'पांढरा रोग' म्हणतात. उपाय मात्र चौघांचे निराळे.

सर्वांत बोधप्रद ठरली ती संप्राप्ती, म्हणजे रोग कसा घडत जातो त्याची कथा. क्रिप्टोकॅरियॉन माशाच्या अंगावर काही दिवस राहतो आणि मग स्वतःच गळून पडतो. ठिपके नाहीसे होतात. आपण म्हणतो, मासा बरा झाला. दुकानदार म्हणतो, औषध लागू पडले. वस्तुतः परजीवी वाळूवर कोशात जाऊन विभागत असतो. एका कोशातून शेकडो पिल्ले सुटू शकतात आणि दिवस-दीड दिवसात मासा न मिळाल्यास मरतात. लक्षण नाहीसे होणे ही येथे रोगाचीच एक अवस्था आहे. ज्याने ही कथा वाचली नाही, तो ठिपके मावळताच उपचार थांबवितो आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दहापट ठिपके मोजीत बसतो.

उपशय, म्हणजे उपचार करून पाहणे, पाचांत चौथा येतो; मे महिन्यात आम्ही तो पहिला केला होता. ह्या खेपेस आम्ही दुसरी साधी टाकी मांडली, वाळू आणि दगड न घालता, आणि सर्व मासे तीत नेले. तांब्याचे औषध लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ह्या अरुंद पट्ट्यात रोज मोजून राखले. कमी पडले तर परजीवी जगतो, अधिक झाले तर मासा मरतो. मुख्य टाकीत तांबे कधीही घालू नये. दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात, आणि शंख-कोळंबीस ते प्राणघातक असते. दुसरा मार्ग खारटपणा १.००९पर्यंत उतरविण्याचा. समुद्रातील माशाच्या शरीरद्रवात क्षार सागराच्या सुमारे एक तृतीयांश असतात; बाहेरचे खारे पाणी त्याच्या देहातील पाणी सतत ओढीत असते, म्हणून तो समुद्रात राहूनही पाणी पीत असतो. खारटपणा उतरविला की त्याचे हे कष्ट हलके होतात, आणि परजीवी मात्र तग धरीत नाही. मुख्य टाकी आम्ही अडीच महिने माशांविना चालू ठेवली, म्हणजे कोशांतून निघणाऱ्यांना यजमान मिळू नये. मासे वाचले. आज ते आमच्या समोर पोहत आहेत.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. तुम्ही वाचीत बसाल आणि मासा मरेल, त्याचे काय? वेल्व्हेटसारख्या रोगात घाई हवी, हे मान्य. पण घाईने मासा वेगळ्या टाकीत न्यावा. घाईने निष्कर्ष काढू नये. अर्ध्या तासाच्या मोजणीने एखादा मासा दगावला असेल, तर न मोजता ओतलेल्या औषधाने त्याहून कितीतरी अधिक दगावले असतील, असे आमचे मत आहे.

येथे आमच्या व्यवसायाचा विषय आल्यावाचून राहत नाही. कविता समोर आली की तिचे पाणी न पाहता, म्हणजे तिची भाषा, तिचा काळ, तिची बोली न पाहता, आपण वादांची आणि सिद्धान्तांची निळी बाटली उपडी करतो. विद्यार्थ्यास कविता कळत नाही, हे लक्षण दिसताच त्याच्या हाती गाइड देतो. परीक्षेत गुण मिळतात, ठिपके मावळतात, आणि आम्ही शिक्षक समाधानाने पुढच्या वर्गात जातो. त्या विद्यार्थ्याने पुन्हा आपणहून कविता हाती घेतली का, हे कोणी तपासीत नाही. वर्गातील मुलगा मलूल दिसला तर तो ज्या पाण्यात आहे ते आधी पाहावे, एवढे शहाणपण आम्ही त्या मावशींकडून उसने घेतले आहे.

राहिला प्रश्न, चंद्रपुरात समुद्री मासे पाळावेतच कशाला? २००३ साली 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी क्लाउनफिश जगभरच्या मुलांचा लाडका झाला. समुद्री शोभेचे बहुतेक मासे आजही प्रवाळांच्या परिसरातून पकडूनच आणले जातात. क्लाउनफिशची पैदास मात्र बंदिस्त पाण्यात होऊ शकते; आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती साधली आहे. पाळावयाचे तर असेच मासे घ्यावेत. ज्या १९७२च्या वन्यजीव कायद्याने ताडोब्याचा वाघ राखला जातो, त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रघोडे आणि प्रवाळही आले. वाघाची नखे दिवाणखान्यात ठेवणे गैर, हे आमच्या जिल्ह्यात लहान मुलासही ठाऊक आहे. जिवंत प्रवाळ काचेत ठेवणेही तितकेच गैर, हे मोठ्यांना सांगावे लागते. आमची अट आणखी एक आहे. ज्याच्याकडे विलगीकरणाची दुसरी टाकी नाही, त्याने पहिली घेऊ नये. नवा मासा महिनाभर तीत राहिला असता, तर आमच्या घरी पांढरे ठिपके आलेच नसते.

शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेल्या लहान माशाची कथा आहे. मनूने त्यास आधी घड्यात ठेवले. तो वाढला तसे खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात सोडले. पुढे महापुरात त्याच माशाने मनूची नौका तारली. आम्ही ही कथा अवताराची म्हणून शिकवीत आलो. आता ती शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांस विचारतो, की मनूने ह्या माशासाठी नेमके केले काय? त्याने औषध दिले नाही, मंत्र म्हटला नाही. माशाने सांगितले ते ऐकले, आणि भांडे अपुरे झाले तेव्हा भांडे बदलले. आमच्या माशांनीही मे महिन्यात पृष्ठभागाशी येऊन तेच सांगितले होते. आम्ही तेव्हा बाटली शोधीत होतो.